चौघांना चालेल असा विनोद

चार माणसांना एकाच वेळी हसता येईल असा विनोद मराठीत, हिंदीत किंवा इंग्रजीत अजून कोणी केलेला नाही. हे मी ऐकीव सांगत नाही. ऐन थंडीत आमच्या जिल्ह्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गाडी हाकत, विनोदांचे आल्बम बदलत बदलत मी त्याची खात्री करून आलो आहे. आणि चिडून आलो आहे. मी परत आल्यावर शेजाऱ्यांनी विचारलं, "कसा झाला प्रवास?" मी म्हणालो, "छान." तेवढं एक खोटं बोलून झाल्यावर आता खरं लिहायला बसलोय.

नगर जिल्हा केवढा मोठा आहे हे ज्याला नकाशावर कळत नसेल त्याने लेकीच्या लग्नाच्या पत्रिका वाटायला निघावं. प्रत्येक तालुक्यात एक तरी मावशी-आत्या निघते, आणि ती निघाली की तिच्या जावेला वगळता येत नाही. बाहेरच्या वाचकांना सांगतो, आमच्याकडे पत्रिका पाठवत नाहीत, नेऊन देतात. मोबाईलवर फोटो टाकला तर तो माणूस येत नाहीच, वर जन्मभर सांगत फिरतो की आम्हाला बोलावलं नाही. घरी जायचं, टेकायचं, चहा घ्यायचा, घरच्या बाईला कुंकू लावायचं, पत्रिकेवर अक्षता ठेवून ती दोन्ही हातांनी द्यायची आणि "सगळ्यांनी यायचं बरं का" म्हणायचं. चहा नाकारायचा नाही. पोटात जागा नसेल तर तो तुमचा प्रश्न. पुण्याच्या माझ्या साडूने मुलाच्या लग्नाला सगळ्यांना एका बोटाने आमंत्रण धाडलं आणि दुपारी झोप काढली. त्याचा मला तेव्हा राग आला होता, आता हेवा वाटतो.

केतकीचं, म्हणजे आमच्या लेकीचं, हे दुसरं लग्न. पहिलं मोडलं. का मोडलं ते इथे लिहीत नाही, ते तिचं तिच्यापाशी. तिला आता चांगला मुलगा मिळाला आहे, तिने तो स्वतः पाहिला आहे, आणि आम्हाला फक्त जेवणाचं बघायचं आहे. "या वेळी रजिस्टर करून टाका, चार माणसांत उरकेल," असा सल्ला आम्हाला पुष्कळांनी दिला. माझी बायको वैशाली शाळेत मास्तरीण आहे, ती सहसा चढ्या आवाजात बोलत नाही. ती म्हणाली, "चोरी केल्यासारखं लग्न लावायचं नाही. मागच्या वेळी ज्या ज्या घरी गेलो, त्या त्या घरी जायचं. मांडव तेवढाच भरला पाहिजे." रात्री ताटं उचलताना केतकीने एकदाच विचारलं, "बाबा, येतील का पण सगळे?"

या प्रश्नाचं उत्तर आणायला आम्ही निघालो होतो.

नगर ते श्रीगोंदा

विनोदाची कल्पना केतकीची. मागच्या वेळी पत्रिका वाटताना आम्ही गाडीत जुनी गाणी लावली होती आणि प्रत्येक पाठवणीच्या गाण्याला गाडी बाजूला घेऊन डोळे पुसले होते. "या वेळी रडायचं काम नाही," ती म्हणाली आणि तिने एका पेन ड्राइव्हवर स्टँडअपचे आल्बम भरून दिले. स्टँडअप म्हणजे एक माणूस माइक घेऊन तासभर उभा राहतो, स्वतःच्या घरच्यांची लाज काढतो आणि लोक तिकीट काढून ऐकतात. माझं अर्धं आयुष्य मी हे फुकट केलं आहे. आमच्या घराण्यातला मी ठरलेला गमत्या. लग्नात पंगती उठल्या की मला मध्ये बसवतात आणि मी हयात-मयत सगळ्या नातेवाइकांच्या नकला करतो. एरवी मी एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये नटबोल्ट मोजतो, तिथे मला कोणी हसत नाही.

पहिला आल्बम दौंड रस्त्याला लागताच लावला. मुंबईचा हिंदी गडी. सगळा माल बायकोवर. बायको खर्च करते, बायको घोरते, बायको गाडीत उजवीकडे म्हणते आणि हात डावीकडे करते. मला एके ठिकाणी हसू फुटलं, ते मी खोकल्यात बसवलं. अरणगाव मागे पडेपर्यंत वैशालीने शांतपणे ऐकलं.

"हा रात्री घरी जातो का?" तिने विचारलं.

"जात असणार. का?"

"याला वाढतं कोण, ते बघायचंय."

आल्बम बदलला. दुसरा इंग्रजी-हिंदी मिसळून एवढ्या वेगात बोलत होता की मी त्याच्या प्रेक्षकांच्या हसण्यावर कान ठेवून हसायला लागलो. ते हसले की मी हसायचो. वैशाली म्हणाली, "काय म्हणाला आता?" मी म्हणालो, "ते असं सांगून मजा जाते." तिने माझ्याकडे पाहिलं. शाळेत पुस्तक न उघडता मान डोलावणाऱ्या पोराकडे ती अशीच पाहत असावी.

श्रीगोंद्यात माझी थोरली बहीण, आक्का, आणि तिचे यजमान, आमचे दाजी, गाडीत बसले. नवरीची आत्या बरोबर नसेल तर पत्रिकेला वजन येत नाही असं आमच्याकडे मानतात, आणि आक्काचं वजन तर आजूबाजूचे तिन्ही तालुके मानतात. तिने मांडीवर भाकऱ्यांचं फडकं, शेंगदाण्याच्या चटणीचा डबा आणि अक्षतांची पिशवी अशी मांडणी करून घेतली, आणि पहिली अट घातली.

"हे बघ, काय लावायचं ते लाव. पन शिवी निघाली की मी उतरनार."

दाजींची अट साधी होती. "मला कळंल आसं लाव म्हंजी झालं."

तिसरा आल्बम लावला तो मराठी पोराचा, म्हटलं दोन्ही अटी बसतील. त्याने रंगमंचावर येऊन "नमस्कार" म्हटलं आणि तिसऱ्या शब्दाला शिवी दिली. वैशालीने आवाज खाली केला. वर केला, पुन्हा शिवी. खाली. असं करता करता तिला त्या पोराची लय सापडली. शिवी यायच्या आत तिचा हात बटणावर जायचा. पण शिव्यांबरोबर विनोदही जात होते, आणि शेवटी गाडीत उरलं ते नुसतं लोकांचं हसणं. कोणाला हसतायत, कशाला हसतायत, काही कळायला मार्ग नाही.

"याच्या आयनं आयकलंय का हे?" आक्काने विचारलं.

तेवढ्यात उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढत एक ट्रॅक्टर समोर आला. त्याच्या टपावरच्या कर्ण्यांनी आमच्या पोराला तर गप्प केलंच, माझा हॉर्नही गिळला. पुढे साखर कारखान्यापर्यंत मी त्या ट्रॉलीच्या मागे, अंगावर पाचोळा घेत, दात ओठ खात चाललो होतो. दाजी म्हणाले, "हे गाणं बरं हाय. तुझ्या त्या पोरापेक्षा कळतं तरी." माझा राग तेव्हा किरकोळ होता, रस्त्यावरचा, गाव आलं की उतरणारा.

कर्जत

कर्जतला चुलतबहिणीकडे जेवण होतं. शिपी आमटी केली होती. नगरबाहेरच्यांना तिची कल्पना नसते. वरणच ते, पण काळ्या मसाल्यात असं पेटवलेलं की पहिल्या भुरक्याला कान गरम होतात आणि तिसऱ्याला माणूस खरं बोलायला लागतो. मेव्हण्यांनी दुसरी वाटी ओरपली, पत्रिका हातात घेतली, पुढून पाहिली, मागून पाहिली.

"न्हाई म्हनलं, जुनीच हाय का नवी छापली? फकस्त नवरदेवाचं नाव खोडलं आसंल."

पंगतीत हशा झाला. मीही हसलो.

मला हसू आलं नव्हतं. पण कोणी विनोद केला की हसायचं, ही माझी इतक्या वर्षांची सवय, तोंड आपोआप उघडलं. वर मी म्हणालो, "छापखानेवाल्याने सूट दिली." पुन्हा हशा. मेव्हण्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

गाडीत बसल्यावर वैशालीने पट्टा लावला, काच खाली केली, वर केली.

"तुम्ही हसलात," ती म्हणाली.

"अगं, त्यांचा स्वभाव..."

"मी त्यांचं बोलतच नाहीये."

जामखेडला चहा झाला. पाथर्डीला चहा झाला आणि शेव-चिवडा झाला. पाथर्डीत मुक्काम, सकाळी पुन्हा चहा. त्या भागातला कोरडा माळ, कुसळं, बाभळी, लांबवर एकच बाई शेरडं घेऊन उभी, हे सगळं एरवी मला फार आवडतं. या वेळी मी रस्त्याकडे बघत होतो. वातावरण हलकं करावं म्हणून मी शेवगावच्या रस्त्यावर चौथा आल्बम लावला.

हा गृहस्थ स्वच्छ बोलत होता. शिवी नाही, बायको नाही, सगळं सावकाश. दाजींना कळत होतं. तो गाड्यांवर बोलायला लागला. जुनी गाडी घेताना मालक काय काय लपवतो, मीटर कसा मागे फिरवतो, दाजी मांडीवर थाप मारून हसले, कारण त्यांनी तसलाच एक ट्रॅक्टर घेतलेला आहे. आणि मग तो म्हणाला की घटस्फोटित बाईशी लग्न ठरवणं म्हणजेही तेच. पुढचं मी लिहीत नाही. गाडीतली माणसं गप्प झाली आणि आल्बममधली माणसं किती तरी वेळ टाळ्या वाजवत राहिली.

दाजींचा हात मांडीवर तसाच राहिला होता. आक्का खिडकीबाहेर बघत होती. वैशालीने बटण बंद केलं.

मला तो माणूस समोर हवा होता. त्याला काय म्हणालो असतो ते मी मनात जुळवत होतो, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी कर्जतची पंगत आडवी येत होती. हा निदान अनोळखी माणसांना हसवतो. आम्ही पोरीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आमटीभाकरीला बसून हसलो होतो.

शनिशिंगणापूर

शिंगणापूरला माझी मामी असते. तिथल्या जुन्या घरांना दारं नाहीत हे सगळ्यांना ठाऊक आहे, यात्रेकरू ते बघायलाच येतात. मामीच्या घरालाही चौकट आहे, पडदा आहे, फळी नाही. गावचे लोक अशा घरापाशी आले की लांबूनच हाक मारतात किंवा खाकरतात. आम्ही पडलो नगरचे. मी चौकटीपाशी जाऊन सवयीने बेलचं बटण शोधायला लागलो. भिंतीवरून हात फिरवत मी उभा, मागे वैशाली, आक्का, दाजी, आणि पडद्याआड मामी फोनवर बोलतेय.

"आज येनारेत पत्रिका घिऊन. व्हय, तीच. पुन्यांदा हाळद. पोरीच्या अंगाला हाळदीची सवयच लागली म्हन."

आणि ती हसली. फोनमधलं माणूसही हसलं असावं, कारण ती पुन्हा हसली.

माझा हात भिंतीवरच होता. वैशाली माझ्या पुढे आली आणि शाळेत हजेरी घेताना लावते त्या आवाजात म्हणाली, "मामी, येऊ का?"

पडदा सरकला. मामीच्या चेहऱ्यावर काहीसुद्धा नव्हतं. "अगं बया, या की. बाहेर का उभ्या ऱ्हायल्या? हितं काय दार हाय का?" आत नेलं, पाणी दिलं, चमचा उभा राहील इतक्या साखरेचा चहा दिला. केतकीची चौकशी केली. "गुनाची पोर," म्हणाली. वैशालीने तिला कुंकू लावलं, अक्षता दिल्या, "सगळ्यांनी यायचं" म्हणाली. मी ते बघत चहा संपवला.

बाहेर दुकानांतून काळ्या बाहुल्या आणि तेलाच्या बाटल्या घ्यायला माणसं आग्रह करत होती. एका दुकानदाराने माझ्यापुढे बाटली धरली. मी त्याच्यावर एवढ्या जोरात ओरडलो की तो बिचारा "ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या" म्हणत मागे सरला. राग हा असा असतो. मामीचा चहा पिऊन बाहेर आलो आणि तेलवाल्याला धरलं.

"मामीचा स्वभावच तसा," गाडीत बसता बसता मी म्हणालो.

"सगळ्यांचा स्वभावच तसा," वैशाली म्हणाली. "मेव्हण्यांचा तसा, मामीचा तसा. तिला कुंकू कसं लावलं ते माझं मला माहीत. तुमचा स्वभाव कसा आहे, ते एकदा मला सांगा."

मागून आक्का म्हणाली, "वैशे, जाऊ दी. मानसं बोलत्यात. लगनाला आली म्हंजी झालं."

"आक्का, आली आणि मांडवात बसून हेच बोलली तर?"

आक्काने फडक्याची गाठ सोडली, पुन्हा बांधली.

अकोले

राहुरी, संगमनेर, एकेक चहा. संगमनेरच्या पुढे ऊस पातळ होत जातो आणि आभाळाच्या कडेला सह्याद्री उभा राहतो. हवेत गारवा, प्रवरेचं पाणी, भाताची खाचरं कापून मोकळी झालेली, तरी नदीकाठ हिरवागार. आमच्या नगरच्या डोळ्यांना एवढं हिरवं बघायची सवय नाही. दुसऱ्या कोणत्याही दिवशी मी गाडी थांबवली असती.

शेवटी आक्काच म्हणाली, "लाव काय तरी. ह्या गपगार गाडीत माजं डोकं दुखाय लागलं."

एकच आल्बम राहिला होता. एक बाई होती. मराठीच, चाळिशीची असावी, आवाज थोडा बसलेला. ती स्वतःच्या घटस्फोटावर बोलत होती. माझा हात बटणाकडे गेला, वैशालीने तो धरला. ती बाई सांगत होती की माझं लग्न मोडलं तेव्हा सगळे नातेवाईक भेटायला आले, आणि प्रत्येकाने जाताना सांगितलं की जेवण मात्र छान होतं हो तुझ्या लग्नात. वैशाली हसली. एकदाच, नाकातून. दाजींनी आक्काकडे पाहिलं, हसायचं का म्हणून. आक्का हसली नाही. "ऱ्हाऊ दी चालू," एवढंच म्हणाली.

मला हसू आलं नाही, कारण माझ्या डोक्यात दुसरंच सुरू झालं होतं. हे सगळे आल्बम केतकीने निवडले होते. तो मीटरवाला तिने चुकून घेतला असेल, सगळा न ऐकता. पण ही बाई तिने पुरती ऐकली असणार. वरच्या खोलीत, एकटीने, दार लावून. आणि मग आमच्यासाठी भरून दिली असणार. तिच्या तोंडून आम्ही जे कधी विचारून घेतलं नाही ते ही परकी बाई सांगत होती आणि लोक हसत होते. मला कोणाचा राग आला ते मला सांगता येणार नाही. पण चांगलाच आला, आणि तो घेऊनच मी तात्यांच्या गावात शिरलो.

तात्या म्हणजे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. नोकरीपायी अकोल्याकडे गेले आणि नदीकाठी जमीन घेऊन तिथेच राहिले. भावकीत आता सगळ्यांत वडील तेच. तात्या लग्नाला आले की निम्मी भावकी मागोमाग येते, तात्या आले नाहीत की प्रत्येकाच्या घरी कोणीतरी आजारी पडतं. म्हणून त्यांची पत्रिका नारळासकट द्यायची असते.

पडवीत चार-पाच माणसं बसली होती. आम्हाला सतरंजी टाकली. काकी आतून पाणी घेऊन आल्या, डोक्यावरचा पदर सावरत आत गेल्या. तिकडच्या तांदळाच्या भाकरीचा वास येत होता. मी तात्यांच्या पाया पडलो, ताटात नारळ, वर पत्रिका, वर अक्षता ठेवून ताट पुढे केलं.

"तात्या, केतकीचं लग्न आहे. तुम्ही आल्याशिवाय अक्षता पडायच्या नाहीत."

तात्यांनी ताटाला हात लावला, बाजूला ठेवलं आणि बसलेल्या माणसांकडे पाहून डोळा बारीक केला.

"येतो की. पन एक सांग, ह्या बारीला किती दिवसाचं हाय? न्हाई, कापडं धुवून ठिवायची का तशीच ऱ्हाऊ द्यायची, पुढच्या लगनाला?"

पडवी हसली. एक म्हातारा हसता हसता खोकला. सगळे माझ्याकडे बघत होते, कारण आता माझी पाळी होती. गमत्या काय उत्तर देतो ते त्यांना ऐकायचं होतं. खरं सांगतो, उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. चांगलं होतं. पडवी लोळली असती.

मी ते गिळलं. वाकलो आणि ताटातून पत्रिका उचलली. अक्षता सांडल्या.

"तात्या, ही मी परत घेतो."

"आं?"

"कपडे धुवू नका. यायचं नाही."

"आरं, गंमत केली," तात्या म्हणाले. "तू गमतीला चिडाय लागलास व्हय? तूच तर सगळ्यांच्या नकला करतो. माझी बी करतो, मला म्हाईत हाय."

"करतो. तुमच्या चालण्याची करतो. तुमच्या लेकीच्या संसाराची कधी केली नाही."

ते शब्द कुठून आले मला कळलं नाही, आवाज माझा नव्हताच. तात्यांचं तोंड लाल झालं. आक्काने माझा दंड धरला. "येड्या, दिल्याली पत्रिका कुनी माघारी घेतं का?" ती पुटपुटली. कोणी घेत नाही. तसा नियमही नाही, कारण आजवर हे कोणाच्या डोक्यातच आलेलं नाही. मी पायऱ्या उतरलो, वैशाली माझ्या बरोबरीने उतरली.

गाडीपाशी आलो. चावी लागेना. आक्का मागोमाग आली ती कडाडतच.

"झालं समाधान? आता तात्या न्हाई, भावकी न्हाई. मांडवात खुर्च्या मांडून आपन चौघंच बसू. पोरीला काय सांगनार हाईस?"

केतकीचा प्रश्न मला आठवत होता, आणि त्याचं उत्तर मी नुकतंच स्वतःच्या हाताने देऊन आलो होतो. दाजी अजून आतच होते. पडवीतल्या चपलांच्या ढिगात त्यांना आपली दुसरी चप्पल सापडत नव्हती, आणि या गडबडीत रागाने निघून जाणं आम्हाला पुरतं जमतही नव्हतं.

दाजी आले ते काकींना बरोबर घेऊन. म्हणजे काकीच पुढे होत्या. हाताला पीठ तसंच. मला वाटलं, पाया पडून माफी मागायला लावणार.

"पत्रिका आन हिकडं," काकी म्हणाल्या.

मी ती खिशातून काढली. घामाने मऊ झाली होती.

"ही न्हाई. ह्याच्यावर त्यांचं नाव हाय. दुसरी दे, माझ्या नावाची."

वैशालीने पिशवीतून कोरी पत्रिका काढली, पेन काढलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी आक्काकडे पाहिलं. लहानपणापासून या बाईच्या हातचं जेवलो, आणि तिचं नाव आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हतं. पत्रिकेवर आजवर आम्ही 'सहकुटुंब' लिहीत आलो, त्यात त्या येत असत.

"इंदुबाई लिव्ह," काकी म्हणाल्या. "खाली आडनाव. बाकी काय नको."

वैशालीने बॉनेटवर पत्रिका ठेवून नाव लिहिलं. कुंकू लावलं. काकींनी पिठाच्या हातांनी पत्रिका घेतली, पीठ लागू नये म्हणून टोकांना धरली.

"ते येत्याल का न्हाई, मला म्हाईत न्हाई. मी येनार. आन ही माघारी घ्यायची न्हाई." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आज हासला न्हाईस त्ये बरं केलंस. दर टायमाला हासत आलास."

त्या गेल्या. गाडी सुरू झाली. आल्बम कोणी लावला नाही.

परवा तात्यांचा निरोप आला की ते येणार नाहीत. त्यांच्यामागून आणखी दोन घरांचे आले, दोघांच्याही घरी आजारपण आहे. केतकीला मी सगळं सांगितलं. तिने विचारलं, "तुम्ही खरंच परत घेतली?" मी हो म्हणालो. ती उठून आत गेली आणि बऱ्याच वेळाने बाहेर आली. माझा राग अजून गेलेला नाही, आणि तो घालवायची मला घाईही नाही.

पण त्या दिवशी एक घर बाकी होतं. अकोल्याच्या बाजारपेठेमागे आक्काची एक मावस नणंद राहते, तिची पत्रिका द्यायची होती. मी म्हणालो, "राहू दे, नंतर फोन करू." आक्का पिशवी घेऊन उतरली. चप्पल पायात नीट न घालताच ती त्या बोळात शिरली, आम्ही तिघं मागे. नणंदेने दार उघडलं. आक्काने उंबरा ओलांडला नाही. पदर खोचला आणि दारातूनच म्हणाली,

"आमच्या केतकीचं लगीन हाय. दुसरं हाय. कुनाला काय हासायचं आसंल तर आताच हासून घ्या, म्हंजी आमी पत्रिका न देता पुढं जातो."

नणंद आमच्या चौघांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत राहिली. तिच्या हातात सुरी होती, अर्धा चिरलेला कांदा होता.

"हासायचं काय त्यात?" ती म्हणाली. "कवा हाय?"

आक्काने तारीख सांगितली, मग उंबरा ओलांडून आत गेली आणि चटईवर बसली. "च्या टाक," ती म्हणाली, "पन साखर कमी. सकाळपास्नं लई गोड झालंय."